मुलांची बाजू मांडणारं माणूस सरकारच्या मुठीत नसावं: ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅबोरिजिनल मुलांसाठीचं नवं पद

निशिगंध | १३ फेब्रुवारी २०२५

आज १३ फेब्रुवारी. २००८ साली याच तारखेला केव्हिन रड यांनी कॅनबेराच्या संसदेत 'स्टोलन जनरेशन्स'ची, म्हणजे आईबापांपासून तोडून नेलेल्या अ‍ॅबोरिजिनल (इथल्या मूळनिवासी) मुलांच्या पिढ्यांची, देशाच्या वतीने माफी मागितली. दर वर्षी या दिवशी इथे कार्यक्रम होतात, भाषणं होतात. आमच्या ऑफिसातही झाला. तिथून घरी आले आणि हा धागा काढायला बसले, कारण गेल्याच महिन्यात इथे अ‍ॅबोरिजिनल मुलांच्या कमिशनरचं, म्हणजे त्यांच्या हक्कांवर लक्ष ठेवणाऱ्या माणसाचं, एक नवं राष्ट्रीय पद सुरू झालंय आणि त्याबद्दल मराठीत मला कुठे वाचायला मिळालं नाही.

मी मेलबर्नला असते. सरकारी ताब्यात असलेल्या मुलांना त्यांच्या घरची माणसं भेटायला येतात, त्या भेटीच्या वेळी खोलीत बसायचं आणि नोंदी करायच्या, हे माझं काम. सहा वर्षं करतेय. संस्थेचं नाव लिहीत नाही. मुलाची ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक तपशीलही बदललेत.

मागच्या हिवाळ्यात एक नॅन (इथे आजीला नॅन म्हणतात) नातवाला भेटायला आली. पहाटेची गाडी धरून अडीच तास प्रवास, कशासाठी तर एका तासाच्या भेटीसाठी. मुलगा सात वर्षांचा. तिने पिशवीतून कंगवा काढला, त्याला पुढ्यात बसवलं आणि केस विंचरायला लागली. विंचरता विंचरता सांगत होती, तुझ्या पणजोबांची नदी कुठली, कुठल्या वळणावर ते मासे धरायचे, कोण तुझा कोण लागतो. आपल्याकडची आजी 'तू अमक्याचा नातू, तमक्याचा भाचा' असं घोकून घेते ना, अगदी तसं. मुलगा मान न हलवता ऐकत होता. एरवी तो दोन मिनिटं एका जागी बसत नाही.

नोंदीसाठी मी त्याची फाईल उघडली. त्यात 'मॉब' असा एक रकाना असतो, म्हणजे मूल कुठल्या लोकांतलं, कुठल्या भूमीचं. तिथे लिहिलं होतं: अज्ञात. तीन वर्षं ते मूल सरकारच्या ताब्यात आणि तीन वर्षं तो रकाना 'अज्ञात'. जिला ते सगळं तोंडपाठ होतं ती बाई माझ्यापासून दोन हातांवर बसून त्याचे केस विंचरत होती. तिला कोणी विचारलंच नव्हतं.

मी वर कळवलं. 'पुढच्या रिव्ह्यूला बघू' असं उत्तर आलं. रिव्ह्यू झाला, रकाना तसाच राहिला. आता मला सांगा, ही तक्रार घेऊन त्या नॅनने जायचं कुणाकडे? ज्या खात्याने मूल नेलं त्याच खात्याच्या तक्रार खिडकीवर?

इथले आकडे थोडक्यात देते. देशातल्या मुलांमध्ये अ‍ॅबोरिजिनल आणि टोरेस स्ट्रेट आयलंडर (उत्तरेकडच्या बेटांवरचे मूळनिवासी) मुलं साधारण ६ टक्के. घराबाहेर सरकारी देखरेखीखाली ठेवलेल्या मुलांमध्ये मात्र ४० टक्क्यांहून जास्त. १९९७ च्या 'ब्रिंगिंग देम होम' अहवालाने सांगितलं होतं की १९१० ते १९७० या काळात दर दहातलं एक ते दर तीनातलं एक मूल घरातून नेलं गेलं. तेव्हा उघड धोरणच होतं की यांना गोऱ्यांमध्ये मिसळून टाकायचं. आज तसं धोरण नाही, कायद्याची भाषा चांगली आहे, माझ्याबरोबर काम करणारी बहुतेक माणसं मनाने चांगली आहेत. तरी आकडा हा असा आहे. २०२० च्या 'क्लोजिंग द गॅप' करारात सगळ्या सरकारांनी सही करून कबूल केलं की २०३१ पर्यंत ही तफावत ४५ टक्क्यांनी कमी करू. गाडी त्या दिशेने चाललेली नाही.

अ‍ॅबोरिजिनल बालसंगोपन संस्थांची 'स्नेक' ही शिखर संस्था १९८१ पासून काम करतेय. ती आणि तिच्यासारखे बरेच जण वर्षानुवर्षं एकच मागत होते: या मुलांसाठी एक स्वतंत्र राष्ट्रीय कमिशनर द्या. मागच्या वर्षी, १३ फेब्रुवारीलाच, पंतप्रधान अल्बानीज यांनी ते मान्य केलं. यंदा जानेवारीत कार्यालय सुरू झालं. सुरुवातीला हंगामी कमिशनर म्हणून लिल गॉर्डन यांना नेमलंय.

मला आनंद आहेच, पण धाकधूकही आहे. सुरुवात झालीय ती सरकारी आदेशाने. आदेशाने आलेलं आदेशाने जाऊ शकतं. पदाला स्वतंत्र कायदा हवा. फाईल मागवायचा हक्क हवा. अहवाल मंत्र्यांना न विचारता छापता यायला हवा. आणि अहवालाला ठराविक मुदतीत लेखी उत्तर देणं सरकारला बंधनकारक हवं. एवढं नसेल तर पुढच्या १३ फेब्रुवारीला भाषण करायला आणखी एक माणूस वाढेल, आणि 'मॉब: अज्ञात' तिथेच राहील.

स्पष्टवक्ता | १३ फेब्रुवारी, रात्री

ताई, मनापासून लिहिलंय हे दिसतं. पण दोन शंका आहेत. तुमच्याकडे राष्ट्रीय बालहक्क कमिशनर आधीपासून आहे असं वाचलंय. मग वेगळा कशाला? आणि दुसरं, मूल मारहाणीत, दारूत, उपासमारीत सापडलं असेल तर आधी त्याला बाहेर काढायचं की त्याचा वंश बघत बसायचं?

वाचनवेडी | १३ फेब्रुवारी, रात्री

केस विंचरण्याचा परिच्छेद दोनदा वाचला. स्पष्टवक्ता यांचे प्रश्न मलाही पडलेत. उत्तराची वाट बघते.

निशिगंध | १४ फेब्रुवारी

स्पष्टवक्ता, दोन्ही प्रश्न रास्त आहेत. दुसऱ्यापासून सुरुवात करते.

धोक्यातलं मूल धोक्यातच ठेवा असं कुणीच म्हणत नाही. इथे 'चाइल्ड प्लेसमेंट प्रिन्सिपल' नावाचं तत्त्व आहे. मुळात मूल काढायची वेळच येऊ नये म्हणून घराला आधी मदत करा. काढावं लागलंच तर घरच्यांना आणि समाजाच्या संस्थांना विचारून निर्णय घ्या. ठेवायचं कुठे, तर आधी आजी-आत्या-मामांकडे, मग त्याच समाजात, मग दुसऱ्या अ‍ॅबोरिजिनल घरात, आणि अगदीच काही नसेल तर परक्या घरात, पण नातं तुटू न देता. आपल्याकडे एखाद्या घरात असं संकट आलं तर मूल काही दिवस मावशीकडे जातंच ना? तीच रीत इथे कायद्यात लिहिलीय. अडचण एवढीच की ती पाळली जाते का, हे बघणारा बाहेरचा माणूस लागतो.

आता तो बाहेरचा माणूस काय करू शकतो त्याचं उदाहरण माझ्याच राज्यातलं आहे. व्हिक्टोरियाने २०१३ मध्ये अँड्र्यू जॅकोमॉस यांना अ‍ॅबोरिजिनल मुलांसाठीचे पहिले कमिशनर नेमलं. देशात कुठेही असं पद तेव्हा पहिल्यांदाच आलं. त्यांनी २०१४ पासून 'टास्कफोर्स १०००' नावाने एक काम हाती घेतलं. सरकारी ताब्यातल्या ९८० अ‍ॅबोरिजिनल मुलांची प्रकरणं, एकेक करून, भागाभागात जाऊन, खात्याचे अधिकारी आणि समाजाच्या संस्था यांना एकाच टेबलाला बसवून तपासली. या मुलाची भावंडं कुठे आहेत? आजीला विचारलंत का? विचारलं नसेल तर का नाही? असे प्रश्न नावानिशी विचारले गेले. २०१६ मध्ये अहवाल आला. निम्म्याहून अधिक, ६० टक्क्यांपेक्षा जास्त मुलं अ‍ॅबोरिजिनल नसलेल्या घरांत होती. भावंडं असलेल्यांपैकी ४० टक्क्यांहून जास्त मुलांची भावंडांपासून ताटातूट झालेली होती. आणि तुम्ही म्हणता ती मारहाण? तीही त्याच अहवालात आहे, ८८ टक्के मुलांच्या प्रकरणात घरातली हिंसा होती. कमिशनरने ती लपवली नाही. उलट त्यामुळेच प्रश्न पुढे आला की मार खाणाऱ्या आईला वेळेत आसरा दिला असता तर मूल काढावं लागलं असतं का.

त्यानंतर काही मुलांची पूर्ण जबाबदारी कायद्याने अ‍ॅबोरिजिनल संस्थांकडे सोपवायला सुरुवात झाली. त्यातली एक 'व्हाका', १९७० च्या दशकात मॉली डायर यांनी उभी केलेली. या मॉलीबाईंच्या आई मार्गारेट टकर. त्यांना स्वतःला लहानपणी घरातून उचलून कूटामुंड्राच्या मुलींच्या होममध्ये घरकाम शिकायला टाकलं होतं. आईला नेलं आणि लेकीने मुलं नेली जाऊ नयेत म्हणून संस्था काढली. मला हे एवढं ठाऊक असलं तरी कामाला जायला बळ येतं.

पहिला प्रश्न: राष्ट्रीय बालहक्क कमिशनर २०१३ पासून आहे, चांगलं काम करतात. पण एका माणसाकडे देशातली सगळी मुलं. आणि त्या नॅनशी बोलताना समोरच्याला 'मॉब' म्हणजे काय हे समजावून सांगावं लागू नये, इतकी अपेक्षा तरी चूक नाही ना?

सोलापुरी | १४ फेब्रुवारी

मी सहसा लिहीत नाही. आज लिहितो.

आमच्या सोलापुरात 'सेटलमेंट' म्हणून भाग आहे. नव्या पिढीला वाटतं ते नुसतं वस्तीचं नाव. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा केला आणि अख्ख्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या. तारेच्या कुंपणात ठेवायचं, दिवसातून हजेरी घ्यायची. १८९७ मध्ये त्यात दुरुस्ती झाली, तिच्याबद्दल फार कमी लोक बोलतात. चार ते अठरा वर्षांच्या मुलांना आईबापांपासून वेगळं काढून सुधारगृहात ठेवायची मुभा सरकारला मिळाली. कारण काय दिलं, तर मुलांवर वाईट संस्कार होऊ नयेत.

माझी आजी सांगायची, कुणी साहेब वस्तीत आला की बाया मुलांना कणगीमागे लपवायच्या. कायदा गेला ३१ ऑगस्ट १९५२ ला, ही सवय मात्र तिच्या अंगातून गेली नाही. मी शाळेत जाताना युनिफॉर्म घातलेला माणूस दारात दिसला तरी ती माझा हात धरून आत ओढायची. मी बी.कॉम. झालो तेव्हासुद्धा.

निशिगंध ताई, तुमच्या नॅनने अडीच तासांचा प्रवास केला, ती आली. माझ्या आजीसारखी भीती तिच्या मनात नसेल असं मला वाटत नाही. भीती असून आली. आपल्या माणसांतला कमिशनर का लागतो हे मला एवढ्यावरूनच कळलं.

वाचनवेडी | १४ फेब्रुवारी

सोलापुरी दादा, लिहिलंत त्याबद्दल आभार. मला १८९७ चं हे माहीत नव्हतं.

अनुजा_पर्थ | १५ फेब्रुवारी

पर्थहून लिहितेय. निशिगंधने मुलांच्या ताब्याबद्दल लिहिलं, मी तुरुंगाबद्दल लिहिते, कारण दोन्हींतली मुलं पुष्कळदा तीच असतात.

आमच्या राज्यात २०२२ मध्ये मुलांच्या कोठडीतली काही मुलं कॅझुअरिना या मोठ्यांच्या तुरुंगातल्या 'युनिट १८' मध्ये हलवली. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिथल्या एका सोळा वर्षांच्या अ‍ॅबोरिजिनल मुलाने स्वतःला इजा करून घेतली आणि तो दवाखान्यात वारला. त्याच महिन्यात, १४ तारखेला, 'व्हॉइस'चं, म्हणजे संसदेला सल्ला देणारी मूळनिवासींची संस्था घटनेत आणावी का याचं, सार्वमत झालं होतं आणि साधारण ६० टक्के लोकांनी 'नाही' म्हटलं होतं. माझ्या शेजारणीने, ती नूंगार, म्हणजे इथल्याच अ‍ॅबोरिजिनल लोकांतली आहे, त्या आठवड्यात अंगणात कुणाशी बोलणंच टाकलं. मी डबा घेऊन गेले तर दार उघडलं, डबा घेतला, आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवून नुसती उभी राहिली.

उत्तरेकडे नॉर्दर्न टेरिटरीत २०१६ मध्ये मुलांच्या डॉन डेल कोठडीतल्या छळाची दृश्यं टीव्हीवर आली, रॉयल कमिशन (सरकारने नेमलेला चौकशी आयोग) बसलं, २०१७ मध्ये अहवाल आला. त्यातून गुन्ह्याच्या जबाबदारीचं वय १० वरून १२ करायला २०२३ उजाडलं. सरकार बदललं आणि २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये परत १० वर आणलं. दहा वर्षांचं मूल म्हणजे आपल्याकडचं चौथी-पाचवीतलं. संयुक्त राष्ट्रांची बालहक्क समिती किमान १४ म्हणते.

रॉयल कमिशन येतं, अहवाल देतं आणि उठून जातं. उठून न जाणारं कुणीतरी हवं, एवढंच मला म्हणायचंय.

आप्पा_वकील | १५ फेब्रुवारी

निवृत्त आहे, पुण्यात असतो. कायद्याच्या बाजूने थोडं.

आपल्याकडे २००५ च्या कायद्याने २००७ मध्ये राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोग आला. अनुसूचित जमातींचा वेगळा राष्ट्रीय आयोग घटनेच्या ३३८-क कलमाखाली आहे. चौकशी करताना दोघांनाही दिवाणी न्यायालयाचे काही अधिकार आहेत, साक्षीला बोलावता येतं, कागद मागवता येतात. निशिगंध 'फाईल मागवायचा हक्क' म्हणतात तो हाच. ३३८-क मध्ये आणखी एक चांगली तरतूद आहे: आयोगाचा अहवाल संसदेपुढे ठेवताना कुठली शिफारस स्वीकारली नाही आणि का नाही, हे सरकारने लिहून द्यायचं.

कागदावर हे उत्तम आहे. पण आयुष्यभराच्या वकिलीनंतर सांगतो, आयोगाची किंमत तीन गोष्टींवरून करावी. नेमणूक कोण करतं, पैसा कुणाच्या सहीने सुटतो, आणि अहवाल किती दिवसांत बाहेर येतो. अधिकार असूनही जागा महिनोन्‌महिने रिकामी ठेवली तर अधिकार वापरणार कोण? ऑस्ट्रेलियाच्या कायद्यात पद रिकामं ठेवायची कमाल मुदतही घालून घ्या म्हणावं.

एक प्रश्न. तुमच्याकडे बालसंरक्षण राज्यांच्या हातात. मग केंद्राचा कमिशनर राज्याच्या खात्याला विचारणार कोणत्या अधिकाराने?

मेपलपान | १६ फेब्रुवारी

आप्पा, तुमच्या प्रश्नाला धरूनच कॅनडातली गोष्ट. मी विनिपेगला राहतो.

मॅनिटोबातल्या नॉर्वे हाउस क्री नेशनचा जॉर्डन रिव्हर अँडरसन नावाचा मुलगा १९९९ मध्ये गंभीर आजार घेऊन जन्मला. दवाखान्यातच वाढला. डॉक्टरांनी घरी न्यायला हरकत नाही असं सांगितल्यावर घरच्या देखभालीचा खर्च कोणी द्यायचा यावरून केंद्र आणि प्रांत दोन वर्षांहून जास्त भांडत राहिले. २००५ मध्ये तो पाच वर्षांचा होऊन दवाखान्यातच गेला. घरात एक दिवसही राहिला नाही. दुसऱ्या कुठल्या मुलाच्या बाबतीत हा वाद झालाच नसता. तो फर्स्ट नेशन्सचा, म्हणजे कॅनडाच्या मूळनिवासींतला होता म्हणून खर्च कुणाचा हा प्रश्न आला.

२००७ मध्ये संसदेने 'जॉर्डन्स प्रिन्सिपल' मंजूर केलं: ज्या सरकारकडे मागणी आधी आली त्याने आधी खर्च करायचा, आपसातला हिशेब मागून. तरी पाळलं गेलं नाही. सिंडी ब्लॅकस्टॉक यांच्या संस्थेने मानवी हक्क न्यायाधिकरणात वर्षानुवर्षं लढून २०१६ मध्ये निकाल मिळवला की सरकार या मुलांशी भेदभाव करतंय.

राज्य विरुद्ध केंद्र या भांडणात मूल मधल्या फटीत पडतं. राष्ट्रीय माणूस लागतो तो त्या फटीत उभं राहायला.

निशिगंध | १६ फेब्रुवारी

मेपलपान, अगदी बरोबर. आप्पा, राज्यांच्या खात्यांवर थेट हुकूम चालणार नाही हे खरंय. पण २०२० च्या करारावर राज्यांच्याही सह्या आहेत. कमिशनर निदान प्रत्येक राज्याचा आकडा शेजारी शेजारी मांडून जाहीरपणे विचारू शकेल. 'रिकामी जागा' हा मुद्दा मी माझ्या टिपणात घातला, आभार.

आणि एक सांगायचं राहिलं. व्हिक्टोरियात अ‍ॅबोरिजिनल मुलांच्या कमिशनर म्हणून २०२२ मध्ये मीना सिंग यांची नेमणूक झाली. आई योर्टा योर्टा या अ‍ॅबोरिजिनल लोकांतली, वडिलांकडून भारतीय. आपल्या मुलांना मी आवर्जून सांगते.

रानवाटा | १८ फेब्रुवारी

मी नंदुरबार जिल्ह्यात आश्रमशाळेत शिकवते. आमच्याकडे मुलं कुणी हिसकावून आणत नाही, आईबाप स्वतः आणून सोडतात. त्यामुळे दोन्हींची बरोबरी करू नये, मी करतही नाही.

पण तुमचा 'मॉब: अज्ञात' वाचून मी काल पहिलीचा वर्ग बघत बसले. पावरी बोलणारी, भिली बोलणारी, मावची बोलणारी मुलं एका खोलीत. पहिल्या आठवड्यात एक मुलगी सतत एकच शब्द म्हणत रडत होती. मी मराठीत समजूत काढत राहिले. शेवटी चौथीतल्या एका मुलीने सांगितलं, बाई, ती पाणी मागतेय.

रजिस्टरमध्ये जात आहे, पोटजात आहे, गाव आहे. घरात कुठली भाषा बोलतात याचा रकाना नाही. मी वहीच्या शेवटच्या पानावर पेन्सिलीने आखलाय.

सोलापुरी | १८ फेब्रुवारी

बाई, पेनाने आखा.

निशिगंध | ९ सप्टेंबर २०२५

धागा वर काढतेय. स्यू-अ‍ॅन हंटर यांची पहिल्या पूर्णवेळ कमिशनर म्हणून नेमणूक झाली. वुरुंद्जेरी आणि न्गुराई इल्लम वुरुंग, म्हणजे मी जिथे राहते त्याच भूमीच्या. व्यवसायाने सोशल वर्कर. व्हिक्टोरियाच्या 'युरूक' सत्यशोधन आयोगात त्या होत्या. त्या आयोगाने २०२३ मध्ये बालसंरक्षण आणि न्यायव्यवस्थेवर ४६ शिफारशींचा अहवाल दिला होता. अशा खोल्यांत काय चालतं हे त्यांना कुणी सांगायची गरज नाही. कायद्याचा आणि अधिकारांचा आग्रह मात्र सोडायचा नाही, आपली सगळी मतं एकत्र करून मी इंग्रजीत टिपण पाठवतेय. सोलापुरी दादा, १८९७ चा उल्लेख तुमच्या परवानगीने घालू का?

आणि त्या मुलाचं. नॅन दर महिन्याला येते. मे महिन्यात समाजाच्या संस्थेतली एक बाई माझ्यासोबत बसली, नॅनला चहा दिला आणि तासभर नुसतं ऐकलं. रकान्यात आता नाव आहे. त्यातून कळलं की त्याला एक मोठी बहीण आहे, दुसऱ्या शहरात, दुसऱ्या घरी. पहिली भेट ठरतेय. नॅनने विचारलं, तिचेही केस लांब आहेत का.

सोलापुरी | ९ सप्टेंबर २०२५

घाला. आजीचं नाव लिहायचं असेल तर सांगा, कळवतो.

रानवाटा | १० सप्टेंबर २०२५

पेनाने आखला. एकतीस मुलं, चार भाषा. आता मुख्याध्यापकांना दाखवायला चालले आहे.